धुळीचा खोकला

माझी डावी किडनी माझ्या नवऱ्याच्या पोटात आहे. उजवीकडे, जरा खालच्या बाजूला. पातळ शर्ट घालून हे मागे रेलून बसले की तिथला उंचवटा मला दिसतो. दुसऱ्या कुणाला दिसत नसावा. ऑपरेशनच्या आधी एका समितीसमोर मला एकटीला बसवून विचारलं होतं, "तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?" समोर कॅमेरा चालू होता. मी म्हटलं, "नाही. रक्तगट जुळला, म्हणून देतेय." समितीतल्या एक बाई हसल्या आणि त्यांनी कागदावर टिक केली.

ऑपरेशनला दीड वर्ष होत आलं होतं, तेव्हा कोविड आला.

किडनी बदललेल्या माणसाला रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला गोळ्या घ्याव्या लागतात. शरीरानं नवा अवयव परका म्हणून नाकारू नये, यासाठी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची. त्यामुळे इतरांना जी सर्दी आठवड्यात जाते, ती अशा माणसाला महागात पडू शकते. हे आम्हाला आधीच माहीत होतं. टाळेबंदी लागली त्या आठवड्यात मी ह्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या मला म्हणाल्या, "शहरात काय चाललंय ते सोडा. तुमच्या दारातून आत काय येतं, तेवढं बघा."

मी तेवढंच बघायला लागले.

आमचा फ्लॅट स्वारगेटजवळ, तिसऱ्या मजल्यावर. आम्हाला मूल नाही, त्यामुळे घरात दोघंच. एरवी गॅलरीत उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं, एवढा खालून एसट्यांचा आवाज. त्या दिवसांत तो बंद झाला आणि खालच्या चौकातला पोलीस शिंकला तरी वर ऐकू यायचं. मी दारावर कागद चिकटवला : 'मास्क नसल्यास बेल वाजवू नये.' ह्यांनी तो वाचला, पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'असल्यासही शक्यतो वाजवू नये.' तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. लोक फार हाल सोसत होते त्या वेळी, आणि आमचे ते दिवस बरे गेले, हे सांगायची मला लाज वाटते. पण तसंच होतं. सगळेच आत होते, म्हणून आत असण्याचं काही वाटत नव्हतं.

ह्यांचं आणि धाकट्या भावाचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक बोळ. काउंटरच्या आत दोन माणसं एकमेकांना अंग चोरूनच ओलांडतात, आणि बाहेर गिऱ्हाईक खांद्याला खांदा लावून उभं. रेडिओ दुरुस्त करणारे, प्रोजेक्टसाठी आलेली कॉलेजची मुलं, जुना रिमोट घेऊन आलेले आजोबा. हे तिथे तीस वर्षं उभे होते. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा दीर एकटे जायला लागले. ते नादुरुस्त रिमोट आणि चार्जर पिशवीत भरून आमच्या दाराशी ठेवून जायचे. मी ती पिशवी दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवायची, मग एकेक वस्तू स्पिरिटनं पुसून ह्यांच्या टेबलावर मांडायची. हे डोळ्याला भिंग लावून दुरुस्त करायचे. पिशवी परत जायची.

दुसऱ्या लाटेत आमच्या जिन्यातली दोन माणसं गेली. एक आमच्या वरच्या मजल्यावरचे, रोज सकाळी ह्यांना वर्तमानपत्रातलं कोडं विचारणारे. त्यांना न्यायला आलेली गाडी आम्ही गॅलरीतून बघितली. त्यानंतर दारावरच्या कागदाचं हसू येईनासं झालं.

लसी झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "लस घ्यायचीच, पण गोळ्यांमुळे ह्यांना ती इतरांएवढी लागू पडेल याची खात्री नाही." मी त्या वाक्यातला दुसरा भागच घरी आणला.

मग शाळा उघडल्या. मी शाळेत ग्रंथपाल आहे. म्हणजे ज्या घरात बाहेरचं काही यायला नको, त्या घरातली बाई रोज शेकडो मुलांमध्ये बसून घरी येणार. मी आल्याआल्या कुठेही हात न लावता न्हाणीघरात जायची, कपडे बादलीत टाकायची, डोक्यावरून पाणी घ्यायची आणि मगच "आले हो" म्हणायची. डबा शाळेच्या गच्चीच्या जिन्यात एकटीनं खायची. वर्षभर आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होतो.

रोज संध्याकाळी मी गॅलरीतून बसस्टॉप बघायची. सुरुवातीला सगळ्यांच्या नाकावर मास्क असायचा. मग तो हनुवटीवर उतरला. मग एका कानाला लोंबायला लागला. एके दिवशी भरलेल्या बसमध्ये एकाही तोंडाला मास्क दिसला नाही. मी ह्यांना हाक मारली, "अहो, बघा हे!"

हे उठून आले, बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मी रागानं बघत होते. हे मात्र वेगळंच काहीतरी बघत होते. म्हणाले, "गर्दी किती छान दिसते गं."

शाळेतही तेच. माझ्या शेजारच्या खोलीत चित्रकलेच्या बाई बसतात. त्या एकदा म्हणाल्या, "आता तो साधा सर्दी-खोकला झालाय हो."

"तुमच्यासाठी साधा," मी म्हटलं.

"तसं म्हटलं तर कुठलंही दुखणं कुणासाठी तरी मोठंच असतं की," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या. मी खिडकी उघडायला उठले.

एक गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती. पहिल्या वर्षी लोकांना काहीच माहीत नव्हतं, तरी भाजीसुद्धा साबणानं धुवत होते. आता पोरासोरांनाही कळत होतं की हा रोग हवेतून येतो, खिडक्या उघड्या हव्यात, अंगात ताप असेल तर घरी बसावं. आणि घरी कुणीच बसत नव्हतं. मी मुलांना सांगायची, खोकला असेल तर मास्क लावून या. मुलं "हो बाई" म्हणायची. त्यांच्यात माझं नाव 'मास्कवाल्या बाई' पडलं होतं.

त्या उन्हाळ्यात दिरांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. दीर बोलावणं करायला आले. दार उघडलं तर ते दोन पावलं मागे, जिन्यात उभे. "वहिनी, आत येऊ की इथूनच देऊ?" हातात अक्षत आणि पत्रिका. त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारत होते. दोन वर्षं माझ्या दाराशी उभं राहून त्यांना तशी सवय झाली होती.

मी म्हटलं, "आम्ही नंतर घरी येऊन मुलीला बघून जाऊ. कार्यालयात नको."

आतून ह्यांचा आवाज आला, "आम्ही येतोय."

दीर गेल्यावर भांडण झालं. आमच्यात आवाज चढत नाहीत. त्यामुळे ते फार लागतं.

"तिथे दोनशे माणसं असतील," मी म्हटलं.

"असू देत. त्यातली निम्मी माझी आहेत."

"काही झालं तर?"

"झालं तर झालं."

"तसं कसं म्हणता? माझी किडनी आहे ती."

हे माझं वाक्य. मी ते बोलले. ह्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"समितीनं तुला विचारलं होतं ना, दबाव आहे का म्हणून? मला विचारायचं राहिलंच. तू किडनी दिलीस, उपकार झाले. पण गळ्यात पट्टा बांधतेस हे कागदावर कुठे नव्हतं."

आम्ही साखरपुड्याला गेलो. मी एकावर एक दोन मास्क लावले होते आणि खिडकीजवळची खुर्ची धरून बसले होते. हे कार्यालयभर फिरत होते. चुलत भाऊ, दुकानाच्या ओळीतले शेजारी, शाळासोबती. लोक ह्यांना मिठ्या मारत होते आणि मी कोण खोकतंय ते ऐकत होते. पंगतीला बसताना ह्यांनी मास्क काढून खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही. जाऊ वाढता वाढता माझ्यापाशी वाकली. "ताई, एक दिवस तरी." मी मान हलवली. जिलबी तशीच पानात टाकून उठले.

पुढचे दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ ह्यांचा ताप बघितला. घरात चाचणीची चार किट होती, ती सगळी वापरली. हे निमूटपणे नाकात कांडी घालू द्यायचे. दहाव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "झाले का दहा?"

"झाले."

"मग आता मी दुकानात जाऊ का? रोज नाही. आठवड्यातून दोनदा. दुपारी गिऱ्हाईक नसतं."

"डॉक्टरांना विचारते," मी म्हटलं.

ह्यांना दवाखान्यातल्या गर्दीत बसवायचं नाही म्हणून रिपोर्ट दाखवायला मी एकटी जायची. हे नुसते रक्त द्यायला जायचे. त्या महिन्यात मी गेले तेव्हा डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "छान आहे. घरात बसून काय करतात ते?" मी दुकानाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ देत की. दुपारी जाऊ देत, मास्क लावून, पंखा चालू ठेवून. हा रोग आता कुठे जात नाही, आपल्यातच राहणार. म्हणून काय माणसाला जन्मभर कोंडून ठेवायचं? त्यानंही तब्येत बिघडते."

मी "बरं" म्हणाले. बसनं घरी आले, आंघोळ केली. हे टेबलाशी बसले होते.

"काय म्हणाल्या?"

"अजून थोडं थांबा म्हणाल्या."

हे "हं" म्हणाले आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. त्यांनी जराही शंका घेतली असती, तर मी खरं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. शंका त्यांनी घेतली नाही. पावसाळा आला, गणपती आले. रस्ते माणसांनी भरून वाहत होते, ढोल आमच्या काचा हलवत होते आणि हे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, दर महिन्यात तेच सांगितलं. थोडं थांबा म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पुस्तकांची मोजणी निघाली. सगळी कपाटं रिकामी करायची, पुस्तकं झटकायची, नोंदवहीशी ताडून बघायची. चित्रकलेच्या बाई आणि दोन शिक्षिका मदतीला होत्या. वर्षानुवर्षांची धूळ. मास्कच्या आतून श्वास घेता येईना, म्हणून मी तो दुपारनंतर काढून ठेवला. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, तुमचा चेहरा असा आहे होय!" सगळ्या हसल्या. मीही. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी घशात खवखव सुरू झाली. रात्रीचं जेवताना हे म्हणाले, "खोकतेस?"

"पुस्तकांची धूळ," मी म्हटलं. "दिवसभर तेच चाललंय."

"गरम पाण्याच्या गुळण्या कर." आणि ह्यांनी उठून स्वतःच पाणी तापत ठेवलं.

मला माहीत होतं. म्हणजे खात्री नव्हती, पण काय करायला हवं ते माहीत होतं. मास्क लावायचा, वेगळ्या खोलीत जायचं, किट आणायचं. हे सगळं मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवत होते. दुसऱ्या कुणी अंगावर खोकून "धूळ हो" असं म्हटलं असतं, तर मी त्या माणसाला दाराबाहेर काढलं असतं. पण चाचणी करायची म्हणजे मोजणी अर्धी टाकायची, पुन्हा ते दार बंद करून राहणं, पुन्हा बादली, पुन्हा ताटाला हात न लावणं. ते सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी ठरवलं, धूळच आहे. भीतीसुद्धा वाटली नाही. नुसता कंटाळा आला होता. दोन दिवस मी ह्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघितला, एकाच पातेल्यातलं वाढून घेतलं, आणि खोकला आला की पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमटीच्या फोडणीत हिंग घातला आणि वास आला नाही. डबीतला हिंग नाकाशी धरला. काहीच नाही. मी गॅस बंद केला.

मास्क लावून खाली औषधांच्या दुकानात गेले. किट मागितलं. तो म्हणाला, "आता ठेवत नाही, मॅडम. मागत नाही कुणी." दुसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, "कोण करतं आता टेस्ट? तापाची गोळी देऊ?" तिसऱ्या दुकानात मालकानं मागच्या फळीवरून एक किट काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि तारीख वाचून म्हणाला, "चालेल अजून महिनाभर."

न्हाणीघरात कडी लावून चाचणी केली. दोन रेघा लगेच आल्या, पंधरा मिनिटं थांबावंच लागलं नाही.

मी दाराच्या आतूनच सांगितलं, "अहो, मला झालाय. तुम्ही गॅलरीत जा. मी आतल्या खोलीत जाते."

बाहेर खुर्ची सरकली. मग हे म्हणाले, "धूळ नव्हती तर."

"नव्हती."

"तुला केव्हा कळलं?"

"आत्ता." मग मला ते खोटं सहन झालं नाही. "परवाच वाटलं होतं."

गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला.

खोलीतून मी फोन केले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "रजेच्या अर्जात नुसतं 'ताप' लिहा हं. पालक उगाच घाबरतात." मी 'ताप' लिहिलं. चित्रकलेच्या बाईंना सांगितलं की तुम्हीही तपासून घ्या. त्या वैतागल्या. "कशाला सांगितलंत हो? आता मला घरी सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना ताप भरला. डॉक्टरांनी फोनवर प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी लगेच बंद करायला सांगितली आणि दवाखान्यात यायला सांगितलं. न्यायचं कुणी? मी स्वतः रोग घेऊन बसलेली. दिरांना फोन केला. अर्ध्या तासात ते आले, मास्क लावून. पहिल्यांदाच त्यांनी न विचारता उंबरा ओलांडला. मी खोलीच्या दाराला कान लावून ऐकत होते. "दादा, ही चप्पल नको, बूट घाल. फाइल कुठाय? वहिनी, फाइल कुठाय?" मी आतून सांगितलं, कपाटात, दुसऱ्या कप्प्यात. पावलं जिन्यात उतरली. मी खिडकीशी गेले, पण त्या खिडकीतून रस्ता दिसत नाही. मागच्या इमारतीची भिंत दिसते.

चार दिवस हे दवाखान्यात होते आणि मी त्या भिंतीसमोर. आता खोलीत राहायची गरजही नव्हती, घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी मला बाहेर येववत नव्हतं. माझा ताप दुसऱ्या दिवशीच उतरला होता. मला फार काही झालं नाही आणि त्याचंच वाईट वाटत होतं. हे टेबलाशी बसायचे तिकडे मी बघतसुद्धा नव्हते. दीर रोज दोनदा फोन करायचे. सलाईनमधून इंजेक्शन चालू आहे. आज ऑक्सिजन थोडा कमी होता, आता बरा आहे. किडनीचा आकडा थोडा वाढलाय. तो आकडा ऐकला की माझ्या स्वतःच्या डाव्या कुशीत, जिथे आता काहीच नाही, तिथे कळ यायची.

जाऊ रोज डबा आणायची. दाराबाहेर ठेवून बेल न वाजवता खाली जायची आणि तिथून फोन करायची, "ताई, ठेवलाय. पोळ्या गरम आहेत, लगेच खा." तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

ती म्हणाली, "कुणामुळे झालं ते आता कोण बघतंय? आमच्याकडे मागच्या महिन्यात सगळे आजारी होते. आम्ही तपासलंच नाही." मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही चिडला असता."

पाचव्या दिवशी हे घरी आले. चार पायऱ्या चढले की दम खात, पण स्वतःच्या पायांनी आले. किडनीचा आकडा उतरायला लागला होता. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी एवढी वर्षं दार धरून बसले होते, ती घरात आली, आठ-दहा दिवस राहिली आणि गेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. वाटलं की सबंध इमारतीला टेकू देऊन उभी होते, आणि बाजूला झाले तरी इमारत तशीच उभी आहे.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेलो. या वेळी दोघं. त्यांनी ह्यांना तपासलं, कागद बघितले आणि खूश झाल्या. "लशींचा उपयोग झाला बघा. आता एक करा, घाबरून पुन्हा घरात बसू नका. मी उन्हाळ्यात सांगितलं होतं तसं दुपारी दुकानात जात होतात ना? तेच परत सुरू करा. महिन्याभरानं."

हे म्हणाले, "उन्हाळ्यात?"

"हो. बाईंना सांगितलं होतं मी. काय हो?"

मी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. डॉक्टरांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्या गोळ्यांबद्दल बोलायला लागल्या.

रिक्षात हे बाहेर बघत बसले. घरी आल्यावर बूट काढले, ते नीट जोडीनं ठेवले, पाणी प्यायले. मी चहा टाकू का विचारलं. "नको."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेताना बोलले. "खोकला लपवलास त्याचं मला काही वाटत नाही. माझ्याच्यानंही तसंच झालं असतं. सगळ्यांचंच होतं. पण ते दुसरं तू कसं केलंस, ते मला कळत नाही."

"मला भीती वाटत होती."

"मलाही वाटत होती. साखरपुड्याला त्या गर्दीत माझे हात थरथरत होते. तुला दिसू नयेत म्हणून मी सारखा कुणाला तरी भेटत होतो." ग्लास खाली ठेवला. "भीती माझी होती. कुठे जायचं आणि कुठे नाही, तेवढं तरी मला ठरवू द्यायचंस."

मला रडू आलं, पण ह्यांनी जवळ घेतलं वगैरे नाही. पेपर उघडून बसले. आणि मीही मग उठून कुकर लावला.

महिन्यानंतर हे दुकानात जायला लागले. आता रोज दुपारी जातात. मास्क लावतात, पण गिऱ्हाईकाला ऐकू आलं नाही की खाली ओढतात, असं दीर सांगतात. मी तिकडे जात नाही. एकदा गेले होते, समोरच्या पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघितलं. हे एका मुलाशी वाद घालत होते, हातात काहीतरी बारीक वस्तू धरून, आणि मागून तिघं जण वाकून ऐकत होते. मी श्वास रोखून उभी होते. मग परत आले.

माझा मास्क शाळेत अजून असतो. आता मी मुलांना काही सांगत नाही. या वर्षी आलेल्या एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, "तुम्ही अजून का लावता?" पूर्वी मी तिला अर्धा तास उभं केलं असतं. आता "घरी पेशंट आहे" एवढंच म्हणते, आणि तेही आता पूर्ण खरं वाटत नाही. हे सकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. पेशंट असेल तर मीच आहे.

रिपोर्ट दाखवायला आता हे स्वतः जातात. मी बरोबर असते, पण आत एकटे जातात. पहिल्यांदा माझं नाव पुकारल्यासारखी मी उठले, तर ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत बाकावर बसवलं. रागानं नाही. मागच्या महिन्यातही मी बाहेर बसले होते. आजूबाजूला खोकणारी माणसं होती, खिडकी बंद होती आणि ती उघडायला सांगावं असं वाटूनही मी उठले नाही. वीस मिनिटांनी हे बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ठीक आहे म्हणाल्या."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

ह्यांनी फाइल काखेत धरली आणि चालायला लागले. फाइल माझ्या हातात देतील असं मला वाटत होतं. त्यांनी दिली नाही, मीही मागितली नाही. आम्ही स्टॉपवर आलो. बस भरलेली होती. हे पुढच्या दारानं चढले, मी मागच्या.